सोळा हजारांचे ब्रेक की तीन हजारांचे?

प्रश्न: वाईत राहतो, पाचगणीत हॉटेलात नोकरी. पगार हातात २६,००० रुपये. २०१६ची दीडशे सीसी बाइक आहे, पुढे डिस्क, मागे ड्रम. उतरताना पुढचा ब्रेक खोल जातो आणि कर्रकर्र आवाज येतो. मेकॅनिकने दिलेला अंदाज असा: डिस्क प्लेट १,६००, पॅड ३५०, मोठ्या मॉडेलचं कॅलिपर (पॅड प्लेटवर दाबणारा भाग) ३,२००, ब्रेडेड होज (जाळी गुंडाळलेली ब्रेकची नळी) १,४००, मागे डिस्क बसवायला ८,५००, मजुरी १,५००. एकूण १६,५५०. बँकेच्या आरडीत २१,००० आहेत. क्रेडिट कार्डावर ९,००० थकलेत, दर महिन्याला ‘मिनिमम’ भरतो. गाडीचा विमा मार्चमध्ये संपला. आरडी मोडू की कार्डावर नो-कॉस्ट इएमआय करू?

उत्तर: माझं काम हिशेबाचं, पान्याचं नाही. म्हणून तुमचा अंदाज घेऊन आधी आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने यादी वाचली आणि विचारलं, “ब्रेक ऑइल कधी बदललंय?” तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, कारण हवेतला ओलावा ते शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं कोरं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरला की ही मर्यादा १५५पर्यंत खाली येऊ शकते. पसरणीचा अख्खा घाट लिव्हर दाबून उतरलात की कॅलिपर तापतं, जुनं ऑइल उकळतं, नळीत वाफ होते आणि लिव्हर पोकळ लागतो. ‘ब्रेक खोल जातो’ त्यामागे बहुधा हेच असावं किंवा नळीत हवा असेल. आवाज झिजलेल्या पॅडचा आणि चर पडलेल्या प्लेटचा. यातलं काहीही मोठं कॅलिपर लावून जात नाही.

उलट त्यात एक मेख आहे. कॅलिपरचे पिस्टन मोठे आणि हँडलवरचा मास्टर सिलिंडर (ऑइल ढकलणारा पंप) जुनाच राहिला, तर लिव्हर आणखी आत जातो. मग मास्टर सिलिंडरही बदला, म्हणजे यादी सोळा हजारांवर थांबत नाही. मागच्या डिस्कचंही तेच: चाकाचा हब, कॅलिपरचा ब्रॅकेट, पायाजवळचा वेगळा मास्टर सिलिंडर. साडेआठ हजार यासाठीच लागतात. पण गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो. मागचा ड्रम चांगल्या लायनरवर (ड्रमच्या आत घासणाऱ्या पट्ट्यांवर) तुमच्या रोजच्या रस्त्याला पुरतो.

म्हणून आत्ता एवढंच करा: प्लेट, पॅड, नवं ऑइल, हवा काढणं, कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस, मागचे लायनर. तुमच्याच मेकॅनिकच्या दरांवरून मजुरीसकट तीन हजारांच्या आसपास. प्लेट बदलण्याआधी जाडी मोजायला लावा. किमान जाडीचा आकडा प्लेटवरच कोरलेला असतो. त्याच्या खाली गेली असेल तर लेथवर घासून घ्यायचा स्वस्त उपाय सुचवणाऱ्याला नको म्हणा. पॅड कंपनीचेच, पक्क्या बिलावर घ्या. ब्रेकच्या बाबतीत डुप्लिकेट मालावर वाचलेले शंभर रुपये मी बचतीत धरत नाही.

आता पैसे. तुमच्या पत्रातली खरी गळती ब्रेक ऑइलची नाही, त्या ९,००० रुपयांची आहे. थकबाकीवर कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं, म्हणजे महिन्याला तीनशेहून अधिक रुपये. मिनिमम भरून मुद्दल जेमतेम हलतं. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. ‘नो-कॉस्ट’ या शब्दावरही जाऊ नका. शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांना सुनावलं आहे. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी कुठून तरी निघतोच.

तेव्हा आरडी मोडा. एरवी मी हे कुणाला सांगत नाही. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याजात साधारण एक टक्का कापेल, कापू द्या. सहा-सात टक्के मिळवायचे आणि चाळीस टक्के भरायचे, हा व्यवहार नव्हे. २१,००० मधून ९,००० कार्डाला, ३,००० ब्रेकला. तिसरा खर्च विम्याचा, आणि तो ब्रेकच्याही आधी, याच आठवड्यात. ७५ ते १५० सीसी गाड्यांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा) हप्ता जून २०२२च्या दरपत्रकात ७१४ रुपये होता, वर जीएसटी. विमा नसताना पकडलं तर पहिल्यांदाच दोन हजार दंड. आणि घाटात कुणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या खिशातून, तिथे दोन हजार किस झाड की पत्ती. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती कवचही सोबत घ्या.

उरलेल्या साताठ हजारांना हात लावण्याआधी टायर बघा. बाजूला कोरलेल्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. तिथे ‘१६’ दिसलं तर तो गाडीबरोबर आलेला टायर आहे, बदला. गुळगुळीत टायरवर जोरकस ब्रेक म्हणजे चाक लवकर लॉक होणार, आणि तुमच्या गाडीला एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही.

अपग्रेडची हौस मला कळते. पण सोळा हजार घातल्याने जुन्या गाडीची विक्रीकिंमत सोळाशेनेही वाढत नाही. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं आहे. कार्ड मोकळं झालं की आरडी पुन्हा सुरू करा, या वेळी २,५०० ची, आणि दोनेक वर्षांनी ही गाडी देऊन एप्रिल २०१९नंतरची एबीएसवाली एखादी जुनी घ्या. ब्रेकवर खरा पैसा घालायचा तो तिथे.

नवे पॅड बसले की लगेच घाट चढू नका. दोन-तीन दिवस पाचवडच्या सपाट रस्त्यावर हळूहळू ब्रेक मारत ते प्लेटवर बसू द्या. आणि ऑइल बदलल्याची तारीख सीटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.