सील दोनदा बदललं, तरी चाकाला तेल

प्रश्न : मिस्त्रीकाका, वडिलांनी घेतलेली १९७२ सालची जीप पिकअप आम्ही अजून चालवतो. वाईतून माल भरून आठवड्यातून दोनदा पाचगणीला जाते. मागच्या उजव्या चाकातून तेल येतं, टायरच्या आतल्या अंगाला ओघळ दिसतात. एका गॅरेजात दोनदा ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) बदललं, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. आता ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. हौसिंगच (मागच्या अॅक्सलचं कवच) बदला, असं सांगतात. काय करू? (एक वाचक, वाई)

उत्तर : आधी एक ऐका. काम होईपर्यंत ही गाडी पसरणीच्या घाटात घालू नका. उजव्या चाकाचे लायनर, म्हणजे ब्रेकच्या घासपट्ट्या, तेलानं भिजलेत, म्हणून ती डावीकडे ओढते. भरल्या गाडीनं घाट उतरताना हे जिवावर बेतेल.

हौसिंग बदलायची घाई नको. ड्रम काढून आधी तेल ओळखा. दाट आणि गंधकासारख्या उग्र वासाचं असेल तर ते गिअर ऑइल. पातळ असेल, पाण्यात मिसळत असेल आणि रंग सोलून काढत असेल तर ते ब्रेक ऑइल, म्हणजे दोष सीलचा नाही, व्हील सिलिंडरचा.

गिअर ऑइल निघालं असं धरून सांगतो. टेपर शाफ्टच्या, म्हणजे टोकाला निमुळत्या शाफ्टच्या, या हौसिंगला प्रत्येक बाजूला दोन सील असतात. आतलं नळीत बसतं, ते गोळ्यातलं (डिफरन्शियलमधलं) तेल अडवतं. बाहेरचं बेअरिंगचं ग्रीस अडवतं. मला वाटतं, तुमच्याकडे दोन्ही वेळा बाहेरचंच बदललं. ते शाफ्ट न काढता हाताशी येतं ना! पण आतलं सील गेलं की तेल बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन पुढे येतं आणि नव्या सीलमधूनही वाट काढतं. दोन्ही बदला.

आता ब्रीदर बघा. हौसिंगवरची ही बारीक टोपी चिखलानं बुजली, की आतली तापलेली हवा बाहेर पडायला जागा शोधते आणि सीलमधून तेल ढकलते. शिकाऊ असताना कोरेगावच्या एका गाडीचं सील मी महिन्यात तीनदा बदललं होतं. चौथ्यांदा उस्तादांनी सीलकडे पाहिलंच नाही, खाली वाकून ब्रीदर तारेनं मोकळा केला. ती गाडी नंतर गळली नाही. तेव्हापासून मी सीलचं पाकीट फोडायच्या आधी ब्रीदर बघतो.

हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, शाफ्टच्या टेपरवर घट्ट बसलेला असतो, त्याला पुलरच (ओढून काढायचं हत्यार) हवा. शाफ्टच्या टोकावर घण घालू नका. आटे फुटतात आणि दणका दोन्ही शाफ्टांच्या मधल्या ठोकळ्यातून पलीकडच्या बेअरिंगपर्यंत जातो. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे ठेवा. हब सुटताना उडी मारतो. पुढच्या चाकांना दगड आणि चेसीखाली घोड्या (स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर भरवसा नको. ब्रेकची धूळ हवेनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अॅसबेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्यानं पुसा. शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, निघाले तर जितके, जसे, ज्या बाजूचे, तसेच परत. बेअरिंगची ढिलाई त्यांच्यावर ठरते.

शाफ्टवर सीलची ओठी फिरते तिथे नख फिरवा. नख अडकलं तर चर पडलाय आणि त्यावर कितीही भारी सील टिकणार नाही. टर्नरकडून तिथे बारीक स्लीव्ह (धातूची पातळ नळी) बसवून घ्या. नव्या सीलच्या ओठीला तेल लावा, स्प्रिंगची बाजू ज्याला अडवायचं त्याच्याकडे, म्हणजे आतल्या सीलची गोळ्याकडे. योग्य मापाच्या पाइपाच्या तुकड्यानं चहूबाजूंनी सारखं ठोका. बेअरिंगमध्ये ग्रीस हातानं दाबून भरा. टेपर मात्र कोरडा ठेवा. स्प्लिट पिनचं भोक जुळवायला नट कधीही मागे फिरवायचा नाही, पुढेच आवळायचा.

भिजलेले लायनर पेट्रोलनं धुऊन किंवा जाळून परत बसवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. दोन्ही चाकांचे नवे घ्या. ९० नंबरचं गिअर ऑइल सपाट जागेवर, फिलरच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंतच घाला. 'गळतंय तर जरा जास्त घालू' असं केलं की गळती वाढते.

नंतर सुरूरच्या बाजूला सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. दोन्ही ड्रमजवळ हात नेऊन ऊब सारखी आहे का बघा. रात्री चाकाखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी पुठ्ठा कोरडा आणि ब्रेक सरळ लागत असेल, तरच घाट.