किल्ली लावतानाच एवढ्या जोरात लघवी का लागते?

ताई, ऑफिसपासून घरापर्यंत काहीच नाही आणि दाराला किल्ली लावली की एक मिनिट धरवत नाही असं लिहिलंय तुम्ही, हे खूप जणींना होतं, यात लाजायचं काही नाही. आणि मैत्रीण म्हणते तशी लघवीची पिशवी लहान झालीय असंही लगेच धरून चालू नका.

पिशवी म्हणतो आपण, पण तो स्नायू आहे. किडनीतून मिनिटाला साधारण १ ते २ मिली लघवी सतत खाली येत असते आणि पिशवी भरत जाते तसा तो स्नायू सैल होत जातो, म्हणून आतलं प्रेशर फारसं वाढतच नाही. १५०-२०० मिलीच्या आसपास पहिली जाणीव होते, मोठ्या माणसाची पिशवी ४००-५०० मिलीपर्यंत धरते, म्हणजे पहिल्यांदा लागते तेव्हा बऱ्याचदा अर्धीसुद्धा भरलेली नसते!

सोडायची कधी ते मेंदू ठरवतो. मेंदूच्या खालच्या भागातलं हे केंद्र बॅरिंग्टन नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९२५ मध्ये मांजरांवर प्रयोग करून दाखवलं होतं. तिथून सिग्नल आला की पिशवी आवळते आणि त्याच वेळी खालचा स्फिंक्टर (लघवी अडवून धरणारा गोल स्नायू) सैल पडतो. एरवी वरचा मेंदू हे केंद्र दाबून धरतो. पण रोज घरात पाऊल टाकल्या टाकल्या बाथरूम गाठायची सवय असली की किल्ली, दार, नळाचा आवाज एवढ्यानेही पिशवी आवळायला लागते, मग ती भरलेली असो नसो.

म्हणून पळत सुटू नका. जागेवर थांबा, खालचे स्नायू (लघवी अडवताना आवळतो तेच) पाच-सहा वेळा पटापट आवळून सोडा, त्याने पिशवी आवळायची थांबते, कळ ओसरली की मग चालत जा. थोडे आठवडे द्या याला. 'निघायच्या आधी जाऊन येते' असं दर तासाला करत असाल तर तेही हळूहळू कमी करा. आणि कृपा करून पाणी तोडू नका, बाहेर धड टॉयलेट नाही म्हणून आपल्याकडे किती बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, फार वाईट वाटतं बघून, त्याने लघवी घट्ट होते आणि काहींना उलट जास्तच लागते, इन्फेक्शनची भीती वेगळीच.

जळजळ, ताप, लघवीत रक्त असं काही असेल तर हे व्यायाम करत बसू नका, आधी डॉक्टरांकडे जाऊन लघवी तपासून घ्या. आणि पोट फुगलंय, जोरात लागलीय पण होतच नाहीये असं झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठायचं.