गाडीतल्या स्टिरिओचा आवाज मधेच जातो, डिस्प्ले मात्र चालू राहतो. नवीन स्टिरिओ घ्यावा लागेल का?

अजिबात घेऊ नका, निदान आत्ता तरी नाही. तुम्ही लिहिलंय की चारही स्पीकर एकदम बंद होतात, स्क्रीनवर गाणं पुढे सरकत असतं, खड्डा आला किंवा ड्रायव्हरचं दार जोरात लावलं की आवाज जातो नाहीतर परत येतो, आणि दुकानदार म्हणतोय सेट गेला. यातलं ते दाराचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. मी कार ऑडिओ फिटिंगचंच काम करतो, आणि दार हलवल्यावर आवाज जात-येत असेल तर स्टिरिओ बहुतेक ठणठणीत असतो, दुखणं वायरमध्ये असतं. नवीन सेट बसवलात तरी तो पण असाच मुका होणार आणि तुमचे पैसे गेलेले असणार, म्हणून एवढं कळकळीनं लिहितोय.

होतं काय, की स्टिरिओच्या आत चारही स्पीकरना पॉवर देणारी सहसा एकच आयसी, म्हणजे चिप, असते. आणि घरच्या जुन्या टेपमध्ये असायची तशी इथे स्पीकरची मायनस वायर बॉडीला अर्थ केलेली नसते, प्लस आणि मायनस दोन्ही वायरींवर बॅटरीच्या साधारण निम्मे, म्हणजे ६-७ व्होल्ट असतात. त्यामुळे आठपैकी कुठलीही एक वायर सोलली जाऊन पत्र्याला लागली की आयसी स्वतःला जळण्यापासून वाचवायला आउटपुट बंद करते, आणि बऱ्याच सेटमध्ये चारही एकदम बंद होतात. डिस्प्लेचा याच्याशी संबंध नसतो म्हणून तो चालूच राहतो. बिघाड एका दारात आणि मुके चारही, असा हा प्रकार आहे. (एकच स्पीकर जात असता तर गोष्ट वेगळी, तिथे त्या स्पीकरची वायर तुटलेली असते किंवा स्पीकरच गेलेला असतो, बॅलन्स (डावा-उजवा) आणि फेडर (पुढचा-मागचा) फिरवून कोणता ते लगेच कळतं.)

आता शोधायचं कसं. चारपाचशे रुपयांत साधा मल्टिमीटर मिळतो, तो घ्या. बॅटरीची मायनस काढा, पण त्याआधी कंपनीचा सेट असेल तर त्याला कोड लागतो का ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. मग सेट बाहेर ओढून मागचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढा. बहुतेक बाहेरच्या सेटला पांढरी जोडी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि काळी पट्टी असलेली वायर मायनस, असे रंग असतात. कंपनीच्या वायरिंगला रंग वेगळे असतात त्यामुळे तिथे रंगावर जाऊ नका. मीटर बीपवर ठेवा, एक टोक बॉडीच्या उघड्या लोखंडाला आणि दुसरं गाडीकडून येणाऱ्या प्रत्येक स्पीकर वायरला लावून बघा. बीप कुठेच वाजायला नको. वाजला की चोर सापडला. नाही वाजला तर टोक तसंच धरून दुसऱ्या माणसाला दार हळूहळू उघड-बंद करायला सांगा, कारण असा शॉर्ट दाराच्या एका ठराविक कोनातच लागतो आणि दार नुसतं उघडं ठेवून तपासलं तर कधीच दिसत नाही. त्यानंतर जोडीजोडीत ओहम बघा, ४ ओहमचा स्पीकर मीटरवर तीन पॉइंट काहीतरी दाखवतो. आकडा उड्या मारत असेल तर वायर आतून तुटत आलीय.

माझा पहिला संशय ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरांमधल्या काळ्या रबरी नळीवर आहे. सगळ्यात जास्त वेळा तेच दार उघडतं. रबर हळूच सरकवलं की वायरी दिसतात, वरून चांगल्या वाटतात, पण बोटांनी वाकवून बघितलं की नेमक्या घडीच्या जागी प्लास्टिकला चीर असते आणि आतला तांब्याचा दोरा हिरवट पडून भुगा झालेला असतो, पावसाचं पाणी तिथवर पोचतंच.

दुसरी जागा म्हणजे सेटच्या मागचे जोड. बाहेरून सेट बसवताना कंपनीचा कपलर कापून वायरी नुसत्या पिळतात आणि वर चिकटपट्टी. उन्हात त्या पट्टीचा गोंद वितळून ती सरकते आणि उघडा जोड डॅशबोर्डमधल्या ब्रॅकेटला टेकतो, खड्ड्यात आवाज जायचं हे अगदी नेहमीचं कारण. गाडीच्या मॉडेलप्रमाणे तयार अडॅप्टर कपलर मिळतो, तोच लावायला सांगा, कापाकापी करू देऊ नका.

दुरुस्ती करताना खराब तुकडा कापून तेवढ्याच जाडीची नवीन वायर टाका, डाग द्या (सोल्डर करा), वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा, पण जोड रबरी नळीच्या आत घडीवर येऊ देऊ नका, डाग दिलेली वायर वाकून वाकून तिथेच परत तुटते. थोडी ढील सोडा. डोअर पॅड काढलंच तर त्यामागची प्लास्टिक शीट नीट परत चिकटवा आणि दाराच्या खालची पाणी जायची भोकं मोकळी करा, नाहीतर पुढच्या पावसात स्पीकर भिजेल. पिवळ्या रंगाचे कपलर दिसले तर त्यांना मीटर लावू नका, ते सहसा एअरबॅगचे असतात.

अजून एक बघा, एका आउटपुटवर कोणी दोन स्पीकर जोडलेत का. तसं असेल तर लोड २ ओहमवर येतो, आयसी तापते आणि मोठ्या आवाजात अर्ध्या तासानं सेट बंद पडून गार झाल्यावर परत सुरू होतो. तुमच्या वर्णनात हे बसत नाही पण तपासायला दोन मिनिटं लागतात.

सेट खरंच गेलाय का हे ठरवायचं असेल तर गाडीचे चारही स्पीकर सोडवून एक चांगला स्पीकर नवीन वायरनं थेट सेटला जोडा आणि गाडी खड्ड्यांतून फिरवून आणा, प्रत्येक आउटपुटवर आळीपाळीनं. तरीही आवाज जात असेल तर मात्र बिघाड आत आहे. तेव्हाही लगेच नवीन घ्यायला नको, टीडीए ७३८८ सारखी आयसी असेल तर ती बाजारात सुटी मिळते आणि टीव्ही-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा चांगला कारागीर ती बदलून देतो.