बीएस सिक्सचा (नव्या प्रदूषण नियमाचा) नवा घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक, मिळालाय, ॲव्हरेज कमी येतंय, सुपरवायझर म्हणतो तुझा पाय जड आहे, ॲक्सिलरेटर जास्त दाबतोस, आणि उतारावर न्यूट्रल करायला सांगतो. काय करू?

न्यूट्रल करू नका. घाटात तर अजिबातच नाही. बाकीचं नंतर सांगतो, पण तुम्ही लिहिलंय ना, "सुपरवायझर म्हणतो तुझा पाय जड आहे", ते वाचलं आणि राहवलं नाही. दोन वर्षांपूर्वी मला हेच ऐकवलं होतं आणि पहिल्याच महिन्यात ६० लिटर डिझेल कमी पडलं म्हणून पगारातून ५,४०० रुपये कापले होते. मी न्हावा शेवा ते चाकण, रांजणगाव कंटेनर ओढतो, ११ वर्षं झाली. तोपर्यंत डिझेलवरून मला कोणी एक शब्द बोललं नव्हतं.

नवा घोडा आला की सगळे घोड्याकडेच बघतात. मीही तेच केलं. सीटचं प्लास्टिक निघालं नव्हतं, एसी केबिन, समोर मोठा मीटर. आणि मागे ट्रॉली (कंटेनर ठेवायचा चाकांचा सांगाडा) जोडली ती आठ-नऊ वर्षं वापरलेली. फिफ्थ व्हीलची, म्हणजे घोड्यावर ट्रॉली टेकते ती प्लेट कोरडी होती, ग्रीस मीच मारलं, ट्रॉलीची किंग पिन त्यात लॉक झाली का ते वाकून बॅटरीने बघितलं, ट्रॉलीचा ब्रेक धरून घोडा ओढून बघितला, ते सगळं तुम्हाला माहीतच असणार. ट्रॉलीच्या एबीएसचं सॉकेट तुटलेलं होतं, ते सुपरवायझरला दाखवलं तर म्हणाला पुढच्या ट्रिपला बघू. ट्रॉलीच्या ब्रेकचे लायनर आणि स्लॅक (ब्रेक टाइट-ढिला करायचा ॲडजस्टर) मात्र मी बघितले नाहीत. ती चूक माझी.

त्या ट्रिपला माझे मामा सोबत होते. सख्खे मामा, आणि उस्तादही तेच. तीन वर्षं मी त्यांच्या गाडीवर क्लीनर होतो, स्टेअरिंग त्यांनीच हातात दिलं. क्लच दाबून दाबून गुडघे गेले म्हणून त्यांनी गाडी सोडली. भाच्याला नवी गाडी मिळाली म्हणल्यावर आष्टीहून एसटीने कळंबोलीला आले, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. पळस्पे फाट्याला एसी लावला तर बराच वेळ काही बोललेच नाहीत. तीस वर्षं इंजिनच्या गरमीत ओला टॉवेल मानेवर टाकून गाडी चालवलेला माणूस. आता ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे, पण मामांना ती मिळाली नाही ती नाहीच.

येताना चाकणहून एक्स्पोर्टचा ४० फुटी डबा भरला, आत २६ टन माल, म्हणजे डबा, ट्रॉली, घोडा धरून सगळं ४३-४४ टन. लोणावळा सुटलं, मी चौथा गिअर टाकला, एक्झॉस्ट ब्रेक लावला, म्हणजे इंजिनचा धूर अडवून गाडी धरणारा ब्रेक. मामा म्हणाले, "न्यूट्रल टाक की, उतारावर डिझेल कशाला जाळतो?" मी म्हणलं मामा, नाही. ते परत म्हणाले. मी परत नाही म्हणलं.

ते असं का म्हणतात ते मला माहितीये. त्यांच्या मालकाकडे ट्रिपला मोजून डिझेल मिळायचं, वाचलं तर ड्रायव्हरचं आणि कमी पडलं तर पगारातून. त्या वाचलेल्या डिझेलवर त्यांनी दोन पोरींची शाळा केलीय. म्हणून हे त्यांना नुसतं गिअरचं बोलणं वाटत नाही, मी नाही म्हणलं की त्यांना वाटतं त्यांचं सगळं आयुष्य चुकीचं म्हणतोय.

मी त्यांना मीटर दाखवला. गाडी गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला, आणि चालू डिझेलचा आकडा शून्य. चाकंच इंजिनला फिरवत असतात, मग कॉम्प्युटर डिझेल बंद करतो. न्यूट्रल केलं की उलट इंजिनला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं आणि त्याला डिझेल लागतं. म्हणजे न्यूट्रलला डिझेल जास्त जातं. कॉम्प्युटर नसलेल्या जुन्या गाडीतसुद्धा पाय काढला की इंजिनचा डिझेल पंप डिझेल तोडतोच, हे मला कळंबोलीतल्या डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने सांगितलंय. मामा म्हणाले, "मशीन मालकाने सेट केलेलं असतं."

तेवढ्यात वास आला. अमृतांजन पूल होता त्या जागेच्या थोडं अलीकडे. लायनर जळाल्याचा वास कोणाला सांगायला लागत नाही. आरशात बघितलं तर ट्रॉलीच्या डाव्या चाकातून पांढरा धूर. गिअर होता म्हणून ब्रेकवर नुसता पाय टेकत आलो होतो, ब्रेकच्या हवेचं प्रेशर शिल्लक होतं, डाव्या कडेला घेऊन गाडी उभी केली. गुडघे दुखत असताना मामा माझ्याआधी खाली उतरले आणि चाकाखाली दगड लावला. अर्धा-पाऊण तास थांबलो. ट्रॉलीच्या एकाच चाकाचा स्लॅक टाइट होता, बाकी सगळे ढिले, म्हणजे मागचा सगळा ब्रेक त्या एका चाकावर चालला होता. न्यूट्रलला असतो तर एक्झॉस्ट ब्रेक गेला असता, ४४ टन नुसत्या ब्रेकवर आले असते, आणि मागचे ब्रेक असे. खाली अडोशीच्या बोगद्यात गाड्या असतात, पुढे खालापूरच्या टोलला रांग असते. मला आजही रात्री ते आठवतं. २०२२ च्या नोव्हेंबरात पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एकाच अवजड गाडीने कितीतरी गाड्या ठोकल्या, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय, तरी यार्डात अजून न्यूट्रलचाच उपदेश चालतो.

आता तुमच्या ॲव्हरेजचं. जेवढं मला कळलं तेवढं सांगतो. पोर्टच्या रांगेत करळ फाट्याला चार-चार तास इंजिन चालू, एसी चालू, तासाला दोनेक लिटर तिथेच जातं आणि किलोमीटर शून्य. त्यात सायलेन्सरमधली काजळी जाळायला गाडी रिजन घेते, तेव्हा वेगळं डिझेल जातं, आणि रांगेतल्या गाडीला ते सारखं लागतं. (उभ्या गाडीत रिजन करताना खाली वाळलेलं गवत नको, सायलेन्सर भयंकर तापतो.) यातलं काही सुपरवायझरच्या हिशोबात नसतं, त्याने शोरूमवाल्याने सांगितलेला आकडा लिहून घेतलेला असतो. म्हणून रोज मीटरचा फोटो काढा, उभं राहिलेले तास आणि रिजन वहीत लिहा. मी दुसऱ्या महिन्यापासून लिहायला लागलो, कापणं थांबलं. आधीचे ५,४०० मात्र मिळाले नाहीत. सुपरवायझरला म्हणलं एकदा केबिनमध्ये बसून घाट उतरा, मीटर दाखवतो. दोन वर्षं झाली, अजून बसला नाही.

धूर साफ करायला गाडीत वेगळ्या टाकीत जो युरिया टाकतात तो सीलबंद बादलीचाच घ्या. रोडला सुटा स्वस्त मिळतो तो टाकला की आज ना उद्या सेन्सर खराब होतो, मग गाडी पिकअप सोडते आणि चढावर रांगायला लागते.

एक राहिलं. मीटरवर डिझेलचं ते शून्य तेव्हाच दिसतं जेव्हा क्लच दाबलेला नाही आणि आरपीएम वर आहे, गाडी अगदी हळू झाली की डिझेल परत चालू होतं. एक्झॉस्ट ब्रेकही जास्त आरपीएमलाच नीट धरतो, म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्या, मध्ये नाही. ऑटोमॅटिक गिअरची गाडी मी चालवलेली नाही, तुमची तशी असेल तर देणाऱ्याकडून नीट समजून घ्या.

मामा या बाबतीत चुकलेत. माझ्यासाठी देव आहेत, पण यात चुकलेत. परवा फोन आला, त्यांच्या धाकट्या पुतण्याला ट्रेलरवर लावायचंय, माझ्याकडे पाठवू का विचारत होते. म्हणलं पाठवा, पण गाडी मी सांगेन तशी उतरवायची. थोडं थांबले आणि म्हणाले, "ट्रॉलीचे लायनर आधी दाखव त्याला."