दत्तक घेण्याआधीच्या गृहभेटीत काय बघतात? घर वन बीएचके आणि भाड्याचं आहे, अडचण येईल का?

नाही येणार. आमचंही तेव्हा सिडकोत भाड्याचंच घर होतं. मी दोन दिवस घासूनपुसून सगळं चकचकीत केलं, आणि गृहभेटीला आलेल्या समाजसेविका ताई स्वयंपाकघरात माझ्या सासूबाईंशी गप्पा मारत बसल्या. "आत्या, तुम्हाला नातवंड असं येणार, कसं वाटतं?" त्यांनी तेवढंच विचारलं. सासूबाईंनी पदराला हात पुसत सांगितलं, "आमच्या घरात येणार म्हणजे आमचंच की." माझे डोळे भरून आले.

म्हणून घरच्यांशी आधी मोकळं बोला. खरी तयारी तीच. नवरा-बायकोशी वेगवेगळंही बोलतात; मूल न होण्याचं दुःख, उपचार, मुलाला दत्तक असल्याचं कधी सांगणार, नोकरी असेल तर दिवसभर कोण सांभाळणार. पाठ केलेली उत्तरं देऊ नका. मनात भीती असेल तर तीही सांगा, त्याने कोणी नापास करत नाही. आजार किंवा कर्ज मात्र अजिबात लपवू नका.

कागद 'कारा'च्या (दत्तक प्रक्रिया बघणारी केंद्र सरकारची संस्था) पोर्टलवर चढवले की साठ दिवसांत गृहभेटीचा अहवाल व्हायला हवा, आणि तो ३ वर्षं चालतो. उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, लग्नाचा दाखला, ओळखीच्यांची दोन पत्रं तयार ठेवा. घरात ५ वर्षांवरचं मूल असेल तर त्याचीही संमती लागते, त्याला आधीच विश्वासात घ्या.