आईच्या तोंडातले छाले सहा महिने बरे होत नाहीत. डॉक्टर म्हणतात ‘ऑटोइम्यून वाटतंय, बायॉप्सी करा’. करावी का? आणि टूथपेस्ट कोणती वापरावी?

बायॉप्सी, म्हणजे जखमेचा छोटा तुकडा काढून तपासणं, करा. पेस्टचं नंतर सांगतो.

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ५४ आहे, हिरड्या लालभडक झाल्यात आणि साल निघते, गालाच्या आत जखमा आहेत, तिखट अजिबात सहन होत नाही. इंदूरमध्ये दोन ठिकाणी दाखवून झालं. घरातले मोठे म्हणतात उष्णता आहे, आणि तोंडाला कात्री लावली की आजार पसरतो. शेवटचं आधी निकालात काढू: बायॉप्सीने आजार पसरत नाही. कॅन्सर असला तरी पसरत नाही आणि ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलेला आजार) असला तरी नाही. या एका भीतीपायी माणसं जितके महिने घालवतात, तितक्यात अर्धे उपचार झालेले असतात. आणि उष्णतेचं म्हणाल, तर साधा छाला १०-१४ दिवसांत स्वतःहून भरतो. दोन आठवड्यांनंतरही तीच जखम तिथेच असेल, तर गुलकंद, सब्जा आणि बी-कॉम्प्लेक्सचा विषय संपला.

इथे तोंडाच्या आजारांवर काम करताना हाच प्रकार इतक्यांदा बघितलाय की हे उत्तर लांबणार. तुमच्या आईंसारखीच तक्रार असलेल्या एका काकूंचं सांगतो. सुरुवात हिरड्यांपासून झाली. ब्रश लावला की रक्त यायचं. एका दवाखान्यात ‘पायरिया आहे’ म्हणून दात साफ करून दिले. दोन महिन्यांनी पुन्हा, मग तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी हिरडी आणखी सोलली जायची आणि प्रत्येक वेळी काकूंनाच ऐकवलं जायचं की तुम्ही नीट ब्रश करत नाही. खरं तर हिरडीच्या कडेला, दाताला चिकटून सूज असेल तर तो पायरिया. पण कडेपासून वर थेट ओठाच्या वळणापर्यंत हिरडी लाल असेल आणि बोटाने घासल्यावर भाजलेल्या टोमॅटोसारखी साल सुटत असेल, तर तिथे किटणाचा दोष नाही. अशा हिरडीमागे बहुतेकदा तीनांपैकी एक आजार असतो: लायकेन प्लॅनस, पेम्फिगॉइड किंवा पेम्फिगस. तिघांचे उपचार वेगळे, धोके वेगळे. नुसतं बघून खात्रीने कोणीही सांगू शकत नाही, मी पण नाही.

पुढे काकूंच्या टाळूवर आणि गालात जखमा झाल्या. तेव्हा कुठे बायॉप्सी झाली आणि ती चुकीच्या जागेवरून झाली. जखमेच्या मधोमधचा तुकडा घेतला, एका फॉर्मेलिनच्या (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत टाकला आणि पाठवला. रिपोर्ट आला ‘नॉनस्पेसिफिक अल्सर’. घरच्यांना हायसं वाटलं की कॅन्सर तर नाही. त्यानंतर मेडिकलवाल्याने दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आठ दिवसांत तोंड छान झालं, गोळ्या संपल्यावर पुन्हा तेच. असं चालत राहिलं, शेवटी पाठीवर आणि छातीवर पाण्याचे फोड आले तेव्हा सगळे जागे झाले. दुसरी बायॉप्सी नीट घेतली: पेम्फिगस व्हल्गॅरिस.

हे का झालं ते समजून घ्या, म्हणजे तुमच्या आईंच्या वेळी होणार नाही. पेम्फिगसमध्ये शरीर स्वतःच्याच ‘डेस्मोग्लीन’ नावाच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. ही प्रथिनं अस्तरातल्या पेशी एकमेकींना धरून ठेवतात. तोंडाच्या अस्तराची भिस्त मुख्यतः डेस्मोग्लीन ३ वर असते, त्वचेत १ आणि ३ दोन्ही असतात. म्हणून निम्म्याहून जास्त रुग्णांत आधी तोंड सोलतं आणि त्वचेवर फोड यायला कित्येक महिने जातात. तोंडात फोड बघायला मिळतच नाही. त्याचं छप्पर इतकं पातळ असतं की पहिल्या घासाला फुटतं, आणि मागे उरते कडेला पांढुरकं फाटकं कातडं लोंबणारी ओली लाल जखम. निदान या कडेत असतं. जखमेच्या मध्यावर अस्तर उरलेलंच नसतं, मग पॅथॉलॉजिस्ट बघणार काय? त्याला फक्त सूज दिसते आणि तो तसं लिहितो. त्याचा काही दोष नाही.

तेव्हा बायॉप्सीच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा. संकोच करू नका, चांगला डॉक्टर चिडत नाही. तुकडे दोन हवेत. एक जखमेच्या कडेचा, थोडं चांगलं अस्तर सोबत घेऊन, तो फॉर्मेलिनमध्ये. दुसरा जखमेच्या शेजारच्या, दिसायला चांगल्या भागातला, डायरेक्ट इम्युनोफ्लुओरेसन्स या, अस्तरात अडकलेली प्रतिपिंडं चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी. हा दुसरा तुकडा चुकूनही फॉर्मेलिनमध्ये जाता कामा नये, त्यात ती तपासणी वाया जाते. त्यासाठी मिशेल्स मीडियम नावाचं खास द्रावण लागतं. ते नसेल आणि नमुना २४ तासांच्या आत लॅबमध्ये पोचणार असेल, तर नॉर्मल सलाईनही चालतं. लॅब नमुना बाहेरगावी पाठवत असेल तर मिशेल्सच हवं, आणि ते आदल्या दिवशीच मागवून ठेवायला सांगा. हिरडीवरून घ्यायचा असेल तर दाताच्या कडेपासून दूर घ्यावा, नाहीतर किटणाची सूज मूळ चित्र झाकून टाकते. शक्य असेल तर हिरडी सोडून गालातला घ्यावा. भूल थेट त्या तुकड्यात न टोचता बाजूला द्यावी, आणि तुकडा चिमट्याने चिरडू नये.

एवढं नीट झालं की उत्तर बहुतेकदा मिळतंच. पेशी-पेशींच्या मधल्या जागेत जाळ्यासारखी चमक दिसली तर पेम्फिगस, अस्तराच्या तळाशी एक सरळ रेघ चमकली तर पेम्फिगॉइड. आईंना त्रास किती? ४-५ मिलीमीटरचा तुकडा, एक-दोन टाके, दोन दिवस गार आणि मऊ खाणं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. आधी स्टेरॉइड घेतलं असेल तर तेही सांगा, त्याने चित्र पुसट होतं. जुनी बायॉप्सी झालेली असेल तर लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) मागून घ्या, ते पुन्हा वाचता येतात. इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलशेजारच्या सरकारी डेंटल कॉलेजात ओरल मेडिसिन आणि ओरल पॅथॉलॉजी असे वेगळे विभाग आहेत. निदान अडलं असेल तर तिथे दाखवायला काहीच हरकत नाही.

निघालं काय यावर पुढचं. लायकेन प्लॅनस असेल (दोन्ही गालांत पांढऱ्या रेघांची जाळी दिसते) तर तोंडात लावायच्या स्टेरॉइडवर बहुतेकांचं भागतं. ट्रायमसिनोलोन ०.१ टक्के पेस्ट जखम गॉझने कोरडी करून नुसती टेकवायची, चोळायची नाही, आणि नंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. जखमा पसरलेल्या असतील तर बेटामेथासोनची ०.५ मिलीग्रॅमची गोळी १० मिलीलिटर पाण्यात विरघळवून तीन मिनिटं तोंडात खेळवून थुंकायची. अर्थात निदान झाल्यावर, आणि डॉक्टरांनी सांगितलं तरच. मध्येच पुसल्यावर निघणारा पांढरा थर दिसला तर ती बुरशी आहे. स्टेरॉइडने ती येते, क्लोट्रिमॅझोलने जाते. या आजारात शेकडा एकाच्या आसपास रुग्णांत पुढे कॅन्सर होतो, म्हणून बरं वाटलं तरी दर सहा महिन्यांनी दाखवायचं. पेम्फिगॉइड निघाला तर त्याच आठवड्यात डोळ्यांचा डॉक्टर गाठा. तो डोळ्यांत व्रण करून दृष्टी घालवू शकतो.

पेम्फिगसचे उपचार त्वचारोगतज्ज्ञच करतील. स्टेरॉइड यायच्या आधी हा आजार बहुतेकांचा जीव घ्यायचा. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरीचांनी डेक्सामेथासोन-सायक्लोफॉस्फामाइड पल्स (ठरावीक अंतराने शिरेतून मोठा डोस) सुरू केली आणि भारतात वर्षानुवर्षं तिच्यावर रुग्ण बरे झाले. आता रिटुक्सिमॅब हे शिरेतून द्यायचं औषध आहे, अमेरिकेत २०१८ पासून पेम्फिगससाठी मान्य आहे. साधारणपणे १ ग्रॅमचे दोन डोस, मध्ये १५ दिवस. आधी हिपॅटायटिस बी आणि टीबी तपासतात, साखर बघतात. त्या काकू या औषधावर बऱ्या आहेत, पोळी-भाजी खातात. दात साफ केले तेव्हाच कोणी नीट तुकडा घेतला असता तर छाती-पाठ सोलली नसती. ‘उगाच घाबरवता, आधी गोळ्या देऊन बघू’ असं म्हणणारे डॉक्टर आजही भेटतात. दोन आठवड्यांपेक्षा जुन्या जखमेवर निदानाशिवाय स्टेरॉइड देणं चूक आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगतो.

आता पेस्ट. डब्यावरची यादी वाचा: सोडियम लॉरिल सल्फेट नको, दालचिनी नको, झणझणीत पुदिना नको. लहान मुलांची सौम्य पेस्ट चालेल, पण फ्लोराइड १००० पीपीएमच्या आसपास आहे का ते बघा. ब्रश एकदम मऊ घ्या आणि दुखतं म्हणून ब्रश सोडू देऊ नका, किटण वाढलं की याच हिरड्या आणखी चिघळतात. माउथवॉश अल्कोहोलविना. पोहे द्या, पण जीरावन मसाला, शेव आणि लिंबू वगळून. कडक शेवेच्या टोकाने पेम्फिगसमध्ये नवी जखम होते. बाफल्याचं (उकडून भाजलेल्या बाटीचं) कडक कवच काढून आतला भाग वरणात कुस्करून द्या.

सगळंच ऑटोइम्यून असतं असं माझं म्हणणं नाही. टोकदार दात, तंबाखू-सुपारी, कमी बी-१२ किंवा लोह, सीलिअॅक (गहू न सोसण्याचा आजार), सगळं बघावं लागतं. सीलिअॅकची रक्ततपासणी व्हायच्या आधी गहू बंद करू नका, नाहीतर ती खोटी निगेटिव्ह येते. आणि एक विचारायचं राहिलं. आईंना सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे का? ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली की रक्तातल्या पेशी घसरतात आणि तोंड असंच सोलून निघतं. पाकिटातल्या गोळ्या आजच मोजा. अशी चूक सापडली तर बायॉप्सीची वाट न बघता त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करा आणि हॉस्पिटलात न्या.