पॉजचं बटण कुठं गेलं?

गेल्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की एकट्याने खेळायच्या गेमच्या सीरिज हळूहळू ऑनलाइन मल्टिप्लेयर होत चालल्यात आणि मला त्याची काळजी वाटते. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला दिलंय. नावं कुणाचीच छापत नाहीये, फक्त भाग दिलाय.

प्रश्न : ताई, मी सिडकोत राहतो, अंबडला कंपनीत शिफ्टची नोकरी आहे. कॉलेजला असताना मित्राच्या पीसीवर स्कायरिम, म्हणजे एल्डर स्क्रोल्स सीरिजचा पाचवा भाग, बघितला आणि तेव्हापासून वेडच लागलं, मग स्वतःचा पीसी घेतला, फॉलआउट ३ झाला, ४ झाला, पण फॉलआउट ७६ ऑनलाइन आहे म्हणून घेतलाच नाही. आता भीती वाटते की एल्डर स्क्रोल्सचा सहावा भागपण तसाच आला तर? मित्र म्हणतात जग ऑनलाइन झालं, तू एकटाच कोपऱ्यात बसून काय खेळतोस. माझं चुकतंय का?
— सिडको

उत्तर : अजिबात चुकत नाहीये रे. आधी तुझ्या भीतीचं बघू. २०१८ च्या जूनमध्ये या दोन्ही सीरिज काढणाऱ्या बेथेस्डा कंपनीच्या ज्या कार्यक्रमात फॉलआउट ७६ नीट उलगडून दाखवला, त्याच कार्यक्रमात स्टारफील्ड आणि एल्डर स्क्रोल्स ६ ची घोषणा झाली होती, आणि त्यातला स्टारफील्ड २०२३ ला आला तो एकट्याने खेळायचाच आला. शिवाय एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन २०१४ पासून चालू आहे, पण तो वेगळ्याच स्टुडिओने बनवलाय, मुख्य सीरिजचा स्टुडिओ वेगळा. त्यामुळे ऑनलाइन भाग निघाला की लगेच मुख्य सीरिज संपली असं होत नाही, एवढा दिलासा घे.

पण भीती उगाच आलेली नाहीये, तिला कारण आहे. जीटीए ५ चं बघ ना. सप्टेंबर २०१३ ला गेम आला, १ ऑक्टोबरला त्याचं ऑनलाइन चालू झालं, आणि त्या वर्षाच्या शेवटी कंपनीने सांगितलं होतं की पुढच्या वर्षी स्टोरीचा नवीन भाग देऊ. तो आजपर्यंत आला नाही. गेमच्या २० कोटींवर प्रती विकल्या गेल्या आणि ऑनलाइनमध्ये मात्र गाड्या, बंगले, विमानं येतच राहिली, कारण तिथे लोक पुन्हा पुन्हा पैसे भरतात. स्टोरीचे पैसे एकदाच मिळतात. सगळं गणित तिथे आहे, आणि मायकल, फ्रँकलिन, ट्रेव्हर या त्याच्या तीन नायकांच्या गोष्टीत पुढे काय होतं याची वाट बघणारे आपल्यासारखे लोक त्या गणितात बसत नाहीत.

आणि मित्रांना कसं सांगायचं ते सांगते. स्कायरिममध्ये दुकानदाराच्या डोक्यावर बादली ठेवायची गंमत तू केलीच असशील, त्याला काही दिसत नाही आणि तोपर्यंत आपण त्याचं अख्खं दुकान साफ करतो. घर घेतलं, टेबलावर चीजचं चाक ठेवलं आणि वीस तासांनी परत आलो तरी ते तिथेच असतं. गावातला एखादा माणूस आपल्या चुकीने मेला तर तो मेलाच, त्याची खुर्ची रिकामी दिसते आणि आपल्याला वाईट वाटतं. ते जग आपली वाट बघत थांबतं आणि आपण केलेलं लक्षात ठेवतं. हजारो माणसं एकाच जगात सोडली की हे जमवायला फार कठीण, कारण तू मारलेला माणूस मला जिवंत लागतो, तू उचललेली तलवार मला तिथेच पडलेली लागते, आणि जगाला वाचवणारा तो एकमेव निवडलेला वीर तूच, मीच आणि समोर नाचणारा तिसरापण तोच. गोष्टीतला जीवच जातो मग. फॉलआउट ७६ नोव्हेंबर २०१८ ला आला तेव्हा त्यात गोष्ट सांगायला एकही जिवंत माणूस नव्हता, रोबोट आणि टेपवरचे आवाज तेवढे होते, कारण माणसं म्हणजे बाकीचे खेळाडू असं ठरवलं होतं. १९९७ पासून जी सीरिज माणसांशी बोलून, त्यांना फसवून किंवा वाचवून पुढे जायची, तिच्यात बोलायलाच कुणी नाही. चाहते चिडले ते यावर, दुसऱ्या माणसाबरोबर खेळायला लागतंय म्हणून नाही.

तेव्हा कोपऱ्यात बसून खेळतोस म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. कादंबरीपण माणूस एकटाच वाचतो, त्याला कुणी काही म्हणत नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. माझा मुलगा दहावीला आहे. आधी तो गेम खेळायचा तेव्हा जेवायला हाक मारली की थांबवून यायचा. आता म्हणतो, "आई हा पॉज होत नाही." मला वाटतं थापा मारतो. खरं काय? आणि हे पैशांच्या गेमवर बंदी आली ना, मग हे कसे चालू?
— गंगापूर रोड

उत्तर : ताई, तुमचा मुलगा खरं बोलतोय. एकट्याच्या गेममध्ये बहुतेक वेळा बटण दाबलं की जग थांबतं. आमच्या घरी बाबा खालून ओरडायचे, "दूध उतू जातंय, बघ जरा," की भाऊ एक बटण दाबायचा, गॅस बंद करून यायचा, आणि राक्षस हात वर करून तसाच्या तसा उभा असायचा बिचारा. ऑनलाइनमध्ये चार जण टीममध्ये असतात, एक जण उठला की बाकीचे हरतात, आणि ते हेडफोनमधून बोलतात तेपण मुलाला ऐकून घ्यावं लागतं. हा बदल मला सगळ्यात जास्त लागतो, खरंच. आधी गेम आपल्या वेळेने चालायचा, आता घरातली वेळ गेमच्या वेळेवर न्यायची.

एक करा. एक मॅच किती वेळाची असते ते त्यालाच विचारा, मुलं हे अगदी बरोबर सांगतात. मग पोळ्या टाकायला घेतल्या की सांगायचं, "आता नवीन मॅच चालू करू नको." मधेच वायफाय बंद करू नका, त्याने भांडणच होतं. हेडफोनमधून कोण बोलतंय हे मात्र अधूनमधून शांतपणे विचारत जा, आणि गेममधल्या दुकानात तुमच्या मोबाइलवरून पैसे जात नाहीत ना ते बघा. बंदीचं म्हणाल तर २०२५ चा केंद्राचा कायदा आहे तो पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांबद्दल आहे. तुमचा मुलगा गेममधले कपडे नि बंदुकांचे रंग विकत घेतो ते त्यात येत नाही, म्हणून तिथे लक्ष आपल्यालाच ठेवायला लागतं.

प्रश्न : मी सिन्नरजवळ राहतो. नेट आहे पण शनिवारी लाईट जाते, पावसात तर बघायलाच नको. ऑनलाइन गेममध्ये मी गोळी मारली तरी समोरचा मरत नाही, उलट मीच मरतो. नेटचा स्पीड वाढवून फरक पडेल का?
— सिन्नर

उत्तर : स्पीडने फारसा नाही. तुझं दुखणं पिंगचं आहे, म्हणजे इथून सर्व्हरपर्यंत, गेम चालवणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरपर्यंत, जाऊन परत यायला लागणारा वेळ. मुंबईचा सर्व्हर असेल तर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर, पटकन होतं. सिंगापूर चार हजार किलोमीटर, फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सगळं उत्तम असलं तरी जाऊन येऊन ४० मिलिसेकंद तर प्रवासातच गेले, वर वळणं नि वाटेतली गर्दी वेगळी. अमेरिकेचा सर्व्हर असेल तर विचारूच नको. गेमच्या सेटिंगमध्ये जवळचा सर्व्हर निवडता येतो का बघ, आणि वायफायऐवजी केबल लाव. लाईटचं माझ्याकडे उत्तर नाही. पण म्हणूनच म्हणते, ज्या गेमला एकट्याने खेळायलापण सतत नेट लागतं तो गेम सिन्नरच्या मुलाला अर्धाच मिळतो, किंमत मात्र पूर्ण.

प्रश्न : ताई, राग मानू नका पण तुम्ही लोक जरा जास्तच रडता. मी फॉलआउट ७६ खेळतो. माझा शाळेतला जिगरी दोस्त आता पुण्यात असतो, आमची भेट वर्षातून दोनदा होते पण रोज रात्री तासभर आम्ही एकत्र फिरतो, आमचं तिथे घर आहे. मला हे एकट्याच्या गेमने कधीच दिलं नसतं.
— नाशिक रोड

उत्तर : राग कसला भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही म्हणता ते खरंच आहे. ७६ मध्ये २०२० च्या एप्रिलला माणसं आणली, बोलणं आणलं, गेम बराच सुधारला, आणि २०२४ ला टीव्हीवरची मालिका आल्यावर तर खूप लोक परत आले. नवीन आलेल्या खेळाडूला जुने लोक औषधं नि सामान देऊन जातात हे मीपण ऐकलंय.

माझं भांडण मित्राबरोबर खेळण्याशी नाहीच. बाल्डर्स गेट ३ बघा, २०२३ चा. एकट्याने खेळा, पूर्ण गोष्ट आहे. वाटलं तर चार जण मिळून खेळा, तीच गोष्ट. जबरदस्ती कुणावरच नाही, आणि गेम तुफान चालला. दार दोन्हीकडून उघडं ठेवता येतं हे त्यांनी करून दाखवलं. मला एवढंच वाटतं की ज्या सीरिजला एकट्याने खेळणाऱ्यांनी वीस वर्षं सांभाळलं त्यांना तुमच्या आनंदासाठी बाहेर काढायची गरज नव्हती, आणि त्यांच्यासाठी तुम्हाला बाहेर काढावं असंही मी म्हणणार नाही.

प्रश्न : मी पैसे देऊन घेतलेला एक ऑनलाइन गेम कंपनीने बंद केला. आता आयकॉन आहे पण चालू होत नाही. हे कसं चालतं? आणि सर्व्हरशिवाय गेम चालवणं शक्यच नाही असं ते म्हणतात ते खरंय का?
— पंचवटी

उत्तर : तुझ्या गेमचं नाव छापत नाही, पण असं झालेला तू एकटा नाहीस. २०१४ साली आलेला द क्रू हा गाड्यांचा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद झाला. त्यात एकट्याने खेळायचं पुष्कळ होतं, तरी सर्व्हर गेले आणि सगळंच गेलं. त्यावरून स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली, युरोपात त्यांच्या मागणीवर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. मागणी साधी आहे, गेम कायम चालू ठेवा असं कुणी म्हणत नाहीये, बंद करताना चालण्यासारख्या अवस्थेत सोडून जा एवढंच. बाकी आपण घेतो तो गेम नसतो, वापरायचा परवाना असतो. कॅलिफोर्नियात २०२५ पासून विकतानाच हे ग्राहकाला सांगायचा कायदा आहे. आपल्याकडेही विकताना एवढं स्पष्ट सांगितलं पाहिजे असं मला वाटतं.

आता शक्य आहे का नाही. २०१३ ला सिमसिटी आला, एकट्याने शहर बांधायचा गेम, पण नेट नसेल तर चालूच होणार नाही असा. सर्व्हर कोसळले, लोक दिवसेंदिवस नुसते रांगेत. तेव्हा सांगितलं गेलं की ऑफलाइन करणं फार मोठं काम आहे. एका वर्षाने, मार्च २०१४ ला, ऑफलाइन आलं. जपानमध्ये ड्रॅगन क्वेस्टचा दहावा भाग २०१२ ला ऑनलाइन काढला होता, त्याचा एकट्याने खेळायचा ऑफलाइन गेम २०२२ ला वेगळा काढला. म्हणजे मनात असलं की होतं, काहींना दहा वर्षं लागतात.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती इथेच सांगते. लास्ट ऑफ अस बनवणाऱ्या नॉटी डॉगने त्यांचा तयार होत असलेला ऑनलाइन गेम डिसेंबर २०२३ ला, बाजारात यायच्या आधीच, स्वतःहून रद्द केला, कारण तो चालवायचा तर पुढची कित्येक वर्षं अख्खा स्टुडिओ त्यालाच लावावा लागला असता आणि एकट्याचे गेम मागे पडले असते. उलट बॅटमॅनचे अर्कमचे सुंदर गेम देणाऱ्या रॉकस्टेडीने २०२४ ला ऑनलाइनवाला सुसाइड स्क्वाड काढला, त्यांच्या मालक कंपनीला, वॉर्नरला, सुमारे २० कोटी डॉलरचा फटका बसला. त्या टीमच्या हातात एवढी कला होती, तिची वर्षं तिथे गेली याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढच्या वेळी गेम घेताना आल्या आल्या घेऊ नकोस. आठवडाभर थांब, आणि ज्याने घेतलाय त्याला सांग की वायफाय बंद करून चालू होतो का बघ.

प्रश्न : लाईट, नेट काही नको, एकट्याने खेळायचा, मराठी माणसाला आपला वाटेल असा एखादा गेम सांगा ना. लॅपटॉप साधा आहे.
— इंदिरानगर

उत्तर : लाईट तर लॅपटॉपलाही लागेल गं, पण नेटशिवायचा सांगते. राजी : ॲन एन्शंट एपिक. २०२० चा, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. राजी नावाची मुलगी राक्षसांनी पळवलेल्या तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. देवळं, भिंतीवरची चित्रं, दुर्गा, विष्णू सगळं आहे. फार मोठा नाहीये, दोन-तीन दिवसांत होतो, आणि पॉज होतो. तुझ्या लॅपटॉपवर चालेल का ते घ्यायच्या आधी गेमच्या पानावर बघून घे, आणि संपला की मला लिही, तुला काय वाटलं ते.